किराण्याची यादी आणि आपली जमीन

(सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर जानेवारी २०१० मध्ये झालेल्या शिबिरात संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत. रात्रीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं आणि ज्यांना मराठी नीट समजत नाही त्यांना आपल्या बोलीत सांगावं.)



सकाळपासून दावे, नकाशे आणि पुरावे यांवर बोलणं झालं. आता किराण्याचा विषय घेतोय म्हटल्यावर मागे बसलेल्या दोन-चार दादांनी तोंड वाकडं केलं. जमिनीच्या शिबिरात तेल-मिठाचं काय काम, असं त्यांना वाटलं असेल. आमचं म्हणणं असं आहे की हा विषयही जमिनीचाच आहे. घरात किती पैसा लागतो हे दुकानात ठरत नाही. आपल्या शेतात काय पिकतं, जंगलातून काय आणता येतं आणि रेशनवर काय पदरात पडतं, यावर ते ठरतं. हे पटवून सांगायला अर्धा तास पुरे. बायांनी पुढे सरकून बसावं, कारण हिशेब त्यांच्याकडेच असतो.

१. महागाई आली कुठून?

२००९ चा पावसाळा आपण सगळ्यांनी बघितला. देशभरात पाऊस सरासरीपेक्षा जवळजवळ पाव हिस्सा कमी झाला. १९७२ नंतर इतकी मोठी तूट देशाने पाहिली नव्हती. आपल्याकडे दुबार पेरणी झाली, काहींचा मका कंबरेइतकाही वाढला नाही. त्यात साखरेचं उत्पादन त्याच्या आदल्या हंगामातच खूप घसरलेलं होतं. जी तूरडाळ दोन वर्षांपूर्वी पन्नासच्या आतबाहेर मिळत होती ती नव्वदच्या पुढे गेली. साखर वीस-बावीसवरून चाळीसच्या वर गेली.

आता एक प्रश्न विचारा. डाळ नव्वद रुपये झाली, मग तूर पिकवणाऱ्याच्या घरी पैसा आला का? सरकारने या हंगामासाठी तुरीचा हमीभाव ठरवला क्विंटलला २३०० रुपये, म्हणजे किलोला २३ रुपये. शंभर किलो तूर भरडली की सत्तर किलोच्या आसपास डाळ निघते. सालपट आणि चुरी गुरांना जाते. म्हणजे हमीभावाने डाळीची किंमत होते किलोला साधारण ३३ रुपये. भरडायचा आणि गाडीभाड्याचा खर्च धरा. तरी ३३ आणि ९० यांच्यात केवढी दरी आहे बघा. ती दरी पाऊस कमी झाल्यामुळेच पडली असं नाही. ज्याच्याजवळ गोदाम आहे आणि थांबायची ताकद आहे, तो मधे बसलेला आहे. आपल्याजवळ थांबायची ताकद नाही, म्हणून आपण कापणी झाल्या झाल्या स्वस्तात विकतो आणि जेठ-आषाढात महागात विकत घेतो.

साखरेचंही तसंच. आपल्या धुळ्याकडच्या पाड्यांवरून दरवर्षी कोयता घेऊन माणसं गुजरातेत, सुरत-बारडोलीकडे ऊस तोडायला जातात. ऊस तोडणाऱ्याच्याच चहात साखर नाही, अशी वेळ आहे.

२. यादी मांडा, चार रकाने करा

आज सकाळी आम्ही फळ्यावर एक यादी लिहिली. बायांनी सांगितली, आम्ही लिहिली. ज्वारी, मका, तांदूळ, तूरडाळ, उडीद, गोडं तेल, मिरची, मीठ, हळद, साखर किंवा गूळ, चहापत्ती, कांदे, साबण, रॉकेल, काडीपेटी, सुकट, पोरांच्या खाऊच्या पुड्या, विडी-तंबाखू. अशी अठरा-वीस नावं झाली.

आता घरी गेल्यावर याच यादीसमोर चार रकाने करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगणात खडे मांडा, तरी चालेल. पहिला रकाना: हे आपल्या आजीच्या वेळी शेतातून यायचं का? दुसरा: जंगलातून यायचं का? तिसरा: रेशनवर मिळायला हवं का? चौथा: हे खरोखर विकतच घ्यावं लागतं का?

आम्ही फळ्यावर करून बघितलं तर चौथ्या रकान्यात मीठ, चहापत्ती, साबण, काडीपेटी, हळद अशा पाच-सहाच वस्तू उरल्या. बाकी सगळं एकेकाळी घरचं होतं किंवा आजही हक्काने मिळायला हवं. मीठसुद्धा जुनी माणसं चारोळी देऊन आणायची. त्या सौद्यात लूट होतीच, एवढ्याशा मिठाला मूठभर चारोळी जायची. पण घराचं पोट दुकानाच्या वहीवर अवलंबून नव्हतं.

मग ही नावं दुकानाच्या यादीत कधी आली? जेव्हा शेतातला मिश्र पेरा गेला. पूर्वी एकाच वावरात ज्वारीबरोबर तूर, उडीद, मूग, चवळी, अंबाडी पेरायचो. रब्बीला जमेल तिथे दादर. ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकर आणि ठेचा, यात वाण्याचं काय होतं? मीठ तेवढं. पुढे कपाशी आली. बियाणं विकत, खत विकत, फवारा विकत. बांधापासून बांधापर्यंत कपाशीच कपाशी. कपाशी खाता येत नाही. तिच्या पैशातून डाळ आणायची, आणि डाळीचा भाव दुसऱ्याच्या हातात.

कपाशी लावूच नका असं आम्ही म्हणत नाही. रोख पैसा लागतो, लग्न आहे, आजारपण आहे, पोरांची शाळा आहे. पण हा हिशेब बघा. पाच माणसांच्या घराला महिन्याला तीन किलो डाळ धरली तर वर्षाला ३६ किलो लागते. त्याला तूर लागते साधारण अर्धा क्विंटल. ती अर्धा क्विंटल हमीभावाने विकली तर हातात येतात ११५० रुपये. बाजारात दुप्पट भाव मिळाला असं धरा, तरी २३००. आणि ३६ किलो डाळ नव्वदने विकत घ्यायला लागतात ३२४० रुपये. म्हणून कपाशीच्या ठराविक ओळींमागे तुरीच्या ओळी टाका, बांधावर अंबाडी लावा, आणि घरची अर्धा क्विंटल तूर विकायची नाही असं घरात ठरवा. वर्षभराची डाळ काढून ठेवल्यावर उरेल तेवढीच बाजारात न्या. घरात जातं आहेच. भिजवून, उन्हात वाळवून भरडायचं काम आपल्या माया करतच होत्या. कडुलिंबाचा पाला किंवा राख घालून कोठीत ठेवली तर किडत नाही. त्यातलंच थोडं बियाणं बाजूला काढा.

अंगणात, मोरीच्या सांडपाण्यावर डांगर, गिलकी, वाल, मिरची, शेवगा येतो. पावसाळ्यात तरोटा, कुर्डू, चिवळ आहेतच. कंदभाजी ही गरिबाची खूण म्हणून पोरं लाजायला लागलीत. लाजायचं काही कारण नाही. शहरातले लोक आज हीच भाजी पैसे देऊन शोधतात.

३. उधारीची वही

आता दुकानाकडे येऊ. कुणा एका दुकानदाराबद्दल आम्ही बोलत नाही, रीत सांगतो.

आषाढ-श्रावणात घरात दाणा नसतो. आपण उधारीवर किराणा आणतो. समजा हजार रुपयांचा माल आणला. उधारीचा म्हणून वहीत लिहिला ११५० चा. दिवाळीनंतर मका निघाला की तो त्याच दुकानात घालायचा असं ठरलेलं. मक्याचा हमीभाव यंदा क्विंटलला ८४० रुपये, म्हणजे किलोला ८ रुपये ४० पैसे. पण ओल आहे, कचरा आहे असं सांगून सात रुपये लावला. ११५० फेडायला १६४ किलो मका गेला. रोखीने माल घेऊन मका हमीभावाने विकला असता तर ११९ किलोत काम झालं असतं. म्हणजे ४५ किलो मका फुकट गेला. पाच माणसांच्या घराची ती तीन-साडेतीन आठवड्यांची भाकर आहे. यात काट्यातली मारामारी धरलेलीच नाही.

दुसरी गोष्ट, पुडीची. पाच रुपयांचं तेल, दोन रुपयांची चहापत्ती असं रोज आणतो. हातात तेवढेच पैसे असतात, आम्हाला माहीत आहे. पण एकदा ती तेलाची पिशवी तोलून बघा. पन्नास ग्रॅम निघालं तर किलोला शंभर रुपये पडले. गरिबाला सगळ्यात महाग विकलं जातं ते असं.

यावर उपाय एकेकट्याच्या घरात नाही, आठ-दहा घरांत आहे. आठ-दहा घरांनी मिळून आठवडे बाजारातून तेलाचा डबा आणि मिठाची गोणी आणायची. आपलाच एक काटा ठेवायचा आणि पाड्यावर वाटून घ्यायचं. बचत गट असेल तर त्या पैशाचा पहिला उपयोग हाच करा. मका-कपाशीही एकत्र न्या. गाडीभाडं वाटलं जातं, आणि दहा जण समोर उभे असले की काट्यावर बोट ठेवायची कोणाची हिंमत होत नाही.

आदिवासी भागात व्यापाऱ्याने लुटू नये म्हणून १९७६ साली राज्याने कायदा केला. त्यातूनच आदिवासी विकास महामंडळाच्या एकाधिकार खरेदीचं काम चालतं. पावसाळ्याच्या तोंडावर खावटी देण्याची योजनाही महामंडळाकडे आहे. खावटी आषाढात पोचली तर उधारीची वही उघडावीच लागत नाही. दिवाळीला आली तर तिचा काय उपयोग? म्हणून मागणी आत्तापासून, उन्हाळ्यातच करायची.

४. कंट्रोलचं धान्य म्हणजे भीक नाही

१ मे १९९९ पासून आपल्या राज्यात तीन रंगांची रेशनकार्डं आहेत. पिवळ्या कार्डावर गहू ५ रुपये, तांदूळ ६ रुपये किलो. अंत्योदयाला गहू २ आणि तांदूळ ३ रुपये. महिन्याला घराला ३५ किलो. रेशनच्या साखरेचा भाव १३ रुपये ५० पैसे.

हिशेब करा. २० किलो गहू आणि १५ किलो तांदूळ पिवळ्या कार्डावर घेतले तर लागतात १९० रुपये. अंत्योदयावर लागतात ८५. तेच बाजारात, गहू पंधरा आणि तांदूळ वीस रुपये धरला, तर लागतात ६००. म्हणजे पिवळं कार्ड चाललं तर महिन्याला ४१० रुपये वाचतात. आणि महिन्याचं धान्य बुडालं तर तुमच्या खिशातून ४१० रुपये काढून घेतले असं समजा. ‘वरूनच माल आला नाही’ एवढं ऐकून घरी परतायचं नाही. किती आला, किती वाटला हे रजिस्टर बघायला मागा. गावात दक्षता समिती असायला हवी, तिच्यात बाया असायला हव्यात. पावती घ्या. कमी दिलं तर पाच-दहा जणांच्या सह्या-अंगठ्यांनिशी तहसीलदाराकडे अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. २००५ चा माहितीचा कायदा आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत.

कित्येक घरांना कार्डच नाही, किंवा म्हातारा-म्हातारी, मोठा मुलगा-सून सगळे एकाच कार्डावर आहेत. जे घर ऊसतोडीला जातं त्याचं धान्य त्या महिन्यांत कोण उचलतं? याचीही यादी करा.

शाळेतला शिजवलेला आहार आणि अंगणवाडीतला आहार हाही आपल्या किराण्याचाच भाग आहे. शाळेत शिजवलेलं अन्न द्या, असा सुप्रीम कोर्टाने २००१ सालीच आदेश दिला. अंगणवाडी बंद असली की पोराचा घास आईच्या ताटातून जातो.

यावर एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. महागाई आली की पहिला घास बाईच्या ताटातून कमी होतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर खाली जे उरतं ते तिचं. डाळ पातळ होते, मग तिला नुसतं पाणी मिळतं. काटकसर करायची तर विडी, तंबाखू, दारू आणि कुरकुरीत पुड्यांपासून सुरुवात करा. डाळीवर आणि बाईच्या भाकरीवर काटकसर करू नका. भावांनो, हे तुम्हाला सांगतोय.

५. जंगलाचा रकाना

दुसरा रकाना जंगलाचा. महू, चारोळी, डिंक, मध, तेंदूपान, बांबू, कंद. महूच्या बियांचं तेल आपण खायला वापरत होतो, आज त्या बिया विकतो आणि दुकानातून तेल आणतो. या वस्तू गोळा करताना आपल्याला चोरासारखं वागवलं गेलं. कुऱ्हाड जप्त, मोळी जप्त.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे बदललं आहे. कलम ३(१)(ग) म्हणजे इंग्रजीतलं ३(१)(सी): गौण वनोपजावर मालकी हक्क, गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क. तेंदू आणि बांबूही त्यात आले. नियमांप्रमाणे डोक्यावरून, सायकलीवरून, हातगाडीवरून नेता येतं. हे पाठ करा. यावल अभयारण्याच्या बाजूच्या पाड्यांनाही हा कायदा लागू आहे. पण हा हक्क सामूहिक आहे, म्हणून सामूहिक दावा गावाने करायचा असतो. आपल्यापैकी बहुतेकांनी शेताचा दावा भरला, सामूहिक दावा भरलाच नाही. तो भरा. नाहीतर यादीतला दुसरा रकाना कायमचा रिकामा राहील.

६. सातबारा नाही म्हणून किराणा महाग

आता मुद्द्यावर येतो. उधारी का लागते? पेरणीला पैसा नसतो म्हणून. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याला बँकेतून पीककर्ज शेकडा सात व्याजाने मिळतं. आपण तीन पिढ्या कसतोय, पण कागद नाही. म्हणून बँकेची पायरी आपल्याला बंद. बियाणंही उधार, खतही उधार, किराणाही उधार, आणि फेड पिकातून. ज्याची उधारी तो सांगेल ते पीक लावायचं. मग तूर-ज्वारी कशी लावणार? किराणा स्वस्त करायची सुरुवात म्हणूनच वनपट्ट्यापासून होते.

दावा नामंजूर झाल्याची चिठ्ठी आली म्हणून हातपाय गाळू नका. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कब्जा हवा, चार हेक्टरची मर्यादा आहे. पुरावा म्हणजे फक्त दंडाची पावती नव्हे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं म्हणणं, जुने बांध, विहीर, लावलेली झाडं, आपल्या माणसांची पुरण्या-जाळण्याची जागा, हेसुद्धा पुरावे आहेत. नामंजुरीविरुद्ध ६० दिवसांत अपील करता येतं. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कब्जा काढता येत नाही. आणि पट्टा मिळेल तो नवरा-बायको दोघांच्या नावावर. तो विकता येत नाही, म्हणून सावकारालाही गिळता येत नाही.

पट्ट्यावर बांधबंदिस्ती, विहीर, शेततळं यासाठी रोजगार हमीचं काम मागता येतं. वर्षाला शंभर दिवसांची केंद्राची हमी आहे. लेखी मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर भत्ता द्यावा लागतो. रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात जी मजुरी मिळते ती डाळीबरोबर वाढत नाही. पण गावात हमीचं काम सुरू झालं की मळ्यातली मजुरीही वर सरकते, हे आपण बघतो.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण म्हाताऱ्यांना असेल. खडी फोडली, लाल मिलो खाल्ला. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या बरोबर हजारो बाया लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. आणि त्याच काळात आपल्या तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याकडे, आदिवासी मजूर जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले. बायांनी दारूची मडकी फोडली. शहरातल्या बाईला डाळ परवडत नव्हती आणि डाळ पिकवणाऱ्याकडे जमीन राहत नव्हती. दोघींची लढाई एकाच दोरीची दोन टोकं होती. आजही तसंच आहे.

७. पाड्यावर जाऊन काय करायचं

या शिबिरात ठरलं ते असं:

– येत्या अमावास्येपर्यंत प्रत्येक पाड्यावर बायांची बैठक घेऊन किराण्याची यादी चार रकान्यांत मांडायची.
– रेशनकार्ड नसलेल्यांची, नाव नसलेल्यांची आणि धान्य बुडालेल्यांची यादी करून तहसीलवर एकत्र जायचं. एकेकट्याने जायचं नाही.
– आठ-दहा घरांचा एक गट, एक काटा. होळीच्या, भोंगऱ्याच्या बाजाराची खरेदी याच गटाने करून बघायची.
– येत्या पेरणीला प्रत्येक घराने तूर, उडीद, ज्वारी घरापुरती लावायचीच. बियाणं आपसांत द्यायचं, विकत नाही.
– खावटीची मागणी उन्हाळ्यात, हमीच्या कामाची मागणी आत्ताच.
– नामंजूर दाव्यांची अपिलं ६० दिवसांच्या आत, आणि प्रत्येक गावाचा सामूहिक दावा.

डाळीचा भाव उद्या उतरेलही, पुन्हा चढेलही. तो आपल्या हातात नाही. पण आपल्या घरी किती डाळ विकत आणावी लागते, हे आपल्या हातात आणता येतं. ज्या वावरात ती पिकते त्या वावराचा कागद आपल्या नावावर हवा. तेवढ्यासाठीच ही सगळी धावपळ.

जिंदाबाद!